पहिली टाळी

फिनलंडातल्या काइनू भागातल्या माणसाला गाणं आवडलं की तो खाली बघतो. फारच आवडलं तर स्वतःच्या बुटांकडे बघतो. आणि काळीज हललं, डोळ्यांत पाणी आलं असं काही झालंच, तर कार्यक्रम संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी येऊन, कपात बघत, “वाईट नव्हतं,” म्हणतो. कपडे काढायला तो लाजत नाही, सौनात, वाफेच्या खोलीत, सगळेच काढतात. पण तोंडातून कौतुक काढायचं म्हणजे चारचौघांत भलतंच उघडं पडणं झालं. मग तो मफलर गुंडाळून घरी जातो आणि बर्फ वितळेपर्यंत कुणाला दिसत नाही.

ओइवा कार्पिनेनला हे कुणी शिकवायला नको होतं. तो तिथलाच. शाळेची बस चालवण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको लेम्पी गेली, आणि चार पायऱ्या चढून जायच्या उंच तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि रेडिओ असे दोघे उरले. रेडिओ बोलायचा, हा ऐकायचा. लेम्पी असतानाही घरात वाटणी साधारण अशीच होती. पण तेव्हा मधूनच कुणीतरी विचारायचं, “ऐकतोयस ना?” रेडिओ असलं काही विचारत नाही.

अशात त्याला तुओवी आणि माउनो भेटले. गावोगावच्या हॉलमध्ये दुपारच्या वेळी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी गाणी म्हणणारी ही जोडी. व्हॅन चालवायला आणि माइक-स्पीकर लावायला त्यांना माणूस हवा होता, आणि ओइवाला घराबाहेर पडायला निमित्त.

जोडी म्हणजे देवानं घाईत केलेलं काम होतं. गळे घालताना अदलाबदल झालेली. माउनो एवढा अवाढव्य, की तो दारात उभा राहिला की दार बंद झाल्यासारखं वाटायचं. आणि गायला लागला की किटलीनं शिट्टी घालावी तसा बारीक, गोड, वरच्या पट्टीतला आवाज. तुओवी मीठदाणीएवढी. जोरात शिंकली तर स्वतःच मागे जाईल अशी. आणि तिनं तोंड उघडलं की विहिरीच्या तळाशी कुणीतरी मोठा दगड सरकवतोय असं वाटायचं. नवीन गावात पहिल्या गाण्याला लोकांचे डोळे याच्यावरून तिच्यावर आणि तिच्यावरून याच्यावर फिरत राहायचे. एका आजोबांनी तर कानातली यंत्रं काढून उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे घालून पाहिलं होतं.

तुओवी मूळची खालची, आग्नेयेकडची. तिकडची माणसं बोलतात, हसतात, रडतात, आणि बऱ्याचदा हे सगळं एकाच वाक्यात करतात. व्हॅन सुरू झाली की तिचं तोंड सुरू व्हायचं, आणि व्हॅन थांबली तरी वाक्य संपायचं बाकी असायचं. बहिणीची भांडणं, कुठल्याशा गावातला करपलेला केक, माउनोचे मोजे. ओइवाच्या वाट्याला आठवडाभरात जेवढं म्हणून माणसाचं बोलणं यायचं, ते सगळं तिथून यायचं. त्यानं फक्त “हं” म्हणायचं असायचं. तो ते मनापासून म्हणायचा.

पहिलाच कार्यक्रम जुलैमध्ये होता, एका तळ्याकाठच्या हॉलमध्ये. तुओवीचं गाणं संपलं. हॉलभर लोक बुटांकडे बघत बसलेले. आवाज नाही, हालचाल नाही. तुओवीचं हसू हळूहळू उतरायला लागलं. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या ओइवाच्या नाकासमोर एक डास आला. ओइवानं दोन्ही हात उचलून फट्‌कन मारला. डास निसटला, पण हॉल फुटला. धरणाचं दार उचलावं तशा टाळ्या. डास फिरून आला, ओइवानं परत मारला, टाळ्या दुप्पट.

तेव्हा ओइवाच्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात. त्यांचे तळहात खाजत असतात. पण पहिली टाळी वाजवणाऱ्याकडे सगळे वळून बघतात, आणि चारचौघांनी वळून बघितलं म्हणजे काइनूत निम्मी अब्रू गेली. दुसरी टाळी वाजवायला सगळा गाव तयार असतो.

त्या दिवसापासून डास असो नसो, पहिली टाळी ओइवाची. माइक लावून तो मागे अंधारात जाऊन बसायचा, गाणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि तोंडं मिटली रे मिटली की फट्‌. मग हॉल. अशी सहा वर्षं गेली. तुओवीला याचा पत्ता नव्हता. ती व्हॅनमध्ये म्हणायची, “बघितलंस ना, ओइवा? उगाच तुम्हा लोकांना थंड म्हणतात.” ओइवा म्हणायचा, “हं.”

यंदा शरदात मात्र तिनं वेगळाच सूर लावला. बहीण स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, ती सारखी बोलावते. “लोक टाळ्या वाजवतात म्हणून मी थांबलेय बाबा,” तुओवी म्हणाली. “ज्या दिवशी वाजवायचं बंद करतील, त्या दिवशी बोट पकडायची आणि स्वीडन गाठायचं.”

ओइवानं नुसतं “हं” म्हटलं. पण त्या दिवसापासून तो घरून निघताना हाताला चरबीचं मलम लावायला लागला. थंडीत तळहात फुटले तर आवाज नीट येत नाही.

आणि नेमका त्यानं हात मोडून घेतला.

काइनूत शेजारधर्म फार काटेकोर पाळतात. शेजारी जिन्यापाशी असेल तर आपण दाराबाहेर पडायचं नाही, हा तो धर्म. ओइवाच्या भिंतीला भिंत लागून सायमी टोलोनेन राहायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाई. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून जेवढे शब्द वापरले असतील तेवढे एका पोस्टकार्डावर मावले असते आणि वर तिकिटाला जागा उरली असती.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ओइवा निघायला म्हणून दाराशी आला, तर बाहेर सायमीबाईंच्या किल्ल्या वाजल्या. तो कडीवर हात ठेवून थांबला. बाई काही जाईनात. एक हातमोजा सापडत नव्हता, तो त्या पिशवीत शोधत होत्या. शोधून झालं, परत पहिल्यापासून शोधलं. इकडे तुओवी आणि माउनो वाट बघत असणार. शेवटी ओइवानं कुणाही समंजस माणसानं केलं असतं तेच केलं. तो मागच्या बाल्कनीत गेला आणि कठड्यावरून खाली उतरायला लागला.

बाल्कनीखाली सायमीबाईंची बर्फगाडी उभी होती. खुर्चीला खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या असतात ना, तीच. बायका त्यावर पिशवी ठेवून पायानं रेटत दुकानात जातात. ओइवाचा पाय पडला तो बरोबर त्या पट्टीवर. गाडी घसरायलाच केलेली, ती घसरली. ओइवाला घेऊन इमारतीला वळसा घालून, अंगणातल्या सगळ्या बर्फावरून, ती पुढच्या दाराशी आली आणि पायरीला थडकली. त्याच क्षणी दार उघडून सायमीबाई बाहेर आल्या, हातमोजा सापडलेला. ओइवा त्यांच्या पायाशी पडला होता. उजवा हात भलत्याच दिशेला.

“नमस्कार,” ओइवा म्हणाला.

“नमस्कार,” सायमीबाई म्हणाल्या. आपली गाडी त्यांनी ओळखली. पण त्याबद्दल काही विचारणं म्हणजे फारच आगाऊपणा झाला असता. त्यांनी अँब्युलन्स बोलावली, ती येईपर्यंत दुसरीकडे बघत शेजारी उभ्या राहिल्या, आणि ओइवाला आत घातल्यावर गाडी घेऊन दुकानात गेल्या.

बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. व्हॅन माउनो चालवायला लागला. ओइवाची गरज फक्त वायरी लावण्यापुरती उरली, आणि त्याही डाव्या हातानं उलट्या लागायच्या. पण त्याची झोप उडाली होती ती टाळीपायी. एका हातानं ती वाजत नाही, हे जगजाहीर आहे. आणि तुओवीला सांगावं तर कसं? सांगितलं तर सहा वर्षांच्या सगळ्या टाळ्या एका झटक्यात खोट्या ठरणार. सांगितलं तरी ती जाणार, नाही सांगितलं तरी जाणार. ती गेली की हा आणि रेडिओ.

सुओपेराच्या हॉलमध्ये त्यानं डाव्या हातानं मांडीवर थाप मारून पाहिली. आतली विजारही लोकरी, बाहेरचीही लोकरी. ओली गोधडी आपटावी तसा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या बाई वळून कुजबुजल्या, “पेटके येतात का? रात्री मॅग्नेशियमची गोळी घ्या.” मग त्यानं डावा तळवा प्लास्टरवर आपटला आणि त्याच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की लोकांना वाटलं माउनो पुन्हा सुरू झाला. त्यानंतर शेवटपर्यंत शांतता. तुओवी प्रत्येक गाण्याला वाकून नमस्कार करायची आणि सरळ होईपर्यंत वाट बघायची. काही यायचं नाही. शेवटी शेवटी ती वाकायचीच बंद झाली.

कॉफीच्या टेबलापाशी मात्र एकामागून एक माणसं येऊन कपात बघत “वाईट नव्हतं” म्हणून गेली. अख्खा गाव हलला होता, ओइवाला दिसत होतं. तुओवीला दिसलं नाही. “वाईट नव्हतं म्हणे,” ती व्हॅनमध्ये म्हणाली. “म्हणजे चांगलं पण नव्हतं.”

पुढचा कार्यक्रम कोर्पीवाराला. तोवर ओइवानं एक युक्ती काढली. रेडिओवरच्या कुठल्याशा कार्यक्रमातल्या टाळ्या त्यानं फोनवर उतरवून घेतल्या आणि फोनची वायर स्पीकरला जोडली. गाणं संपलं की बटण दाबायचं. युक्तीत खोट नव्हती. खोट डाव्या अंगठ्यात होती.

तुओवीनं तिचं ते सगळ्यांत खोल गाणं घेतलं. विहिरीवर पाणी भरायला आलेली बाई, आणि पाण्यात स्वतःबरोबर आणखी एक चेहरा दिसतो, असं काहीसं. शेवटचा स्वर इतका खाली गेला की कॉफीच्या बशा थरथरल्या. ती थांबली. शांतता पसरली. ओइवानं अंगठा दाबला.

त्याच फोनमध्ये शिकारीला जाताना लागते म्हणून नर मूसची, तिकडच्या घोड्याएवढ्या सांबराची, हाक भरून ठेवलेली होती. ऐन माजावर आलेल्या मूसची. ती हाक दोन्ही स्पीकरमधून, पूर्ण आवाजात बाहेर पडली.

कोर्पीवारात शिकार करत नाही असा पुरुष पाळण्यात नाहीतर स्मशानात. अर्धा हॉल ताडकन उठला आणि खिडक्यांना चिकटला. दोघं तर कोट न घालता बाहेर धावले. एक पणजोबा चाकाच्या खुर्चीवरून ओरडून सगळ्यांना सांगत होते की वाऱ्याच्या दिशेनं जाऊ नका. एवढा उत्साह त्या हॉलनं बांधल्यापासून पाहिला नव्हता. तुओवी स्टेजवर एकटीच उभी होती आणि सगळ्या गावाच्या पाठी तिच्याकडे होत्या.

फोनबिनाचा संशय कुणाला आला नाही. कॉफीच्या वेळी शिकारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः तुओवीपाशी आले. त्यांनी कपातून नजर उचलून चक्क तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी भले भले नकली आवाज काढणारे ऐकले होते, पण नुसत्या गाण्यानं नर खेचून आणणारी बाई आजवर पाहिली नव्हती, असं म्हणाले. पुढच्या सप्टेंबरात मोकळ्या आहात का, असंही विचारलं.

परतताना तुओवी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, की आता हाउकीलाम्पीचा एक झाला की या दौऱ्यातलं संपलं. तिथंही हेच झालं तर बहिणीला फोन करून टाकते. हे ती रागानं म्हणाली असती तर ओइवाला चाललं असतं. ती अगदी हळू म्हणाली.

आता ओइवाला एकच वाट होती, आणि ती भिंतीपलीकडे जात होती.

त्यानं सायमीबाईंची बेल वाजवली. आत पावलं वाजली आणि थांबली. अचानक बेल वाजली की कुणीही शहाणं माणूस श्वास रोखून, बाहेरचा निघून जायची वाट बघतं. बाईही तेच करत होत्या. ओइवानंही जन्मभर तेच केलं होतं. तो गुडघ्यावर बसला, पत्र टाकायच्या फटीचं झाकण उचललं आणि आतल्या लोकरी मोज्यांना उद्देशून सगळी हकिगत सांगितली. डास, टाळ्या, स्वीडन, आणि हाउकीलाम्पीला पहिली टाळी त्यांनी वाजवावी, एवढंच मागणं. एवढं सलग तो लेम्पीशीही कधी बोलला नव्हता. मोजे हलले नाहीत.

शेवटी आतून विचारणा झाली, की सुरू कधी करायचं. गाणं संपलं की, ओइवा म्हणाला. संपलं हे कसं ओळखायचं? तोंडं मिटली की. आणि थांबायचं कधी?

“दुसरे सुरू करेपर्यंत थांबायचं नाही,” ओइवा म्हणाला. “हे महत्त्वाचं. काही झालं तरी थांबायचं नाही.”

“बरं,” मोजे म्हणाले. जरा वेळानं पुढे म्हणाले, “माझी गाडी वाकली नाही. तुम्ही काळजीत असाल म्हणून सांगितलं.”

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. फट्‌. मग थोडं थांबून, फट्‌ फट्‌. सायमीबाई सराव करत होत्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. इतक्या वर्षांत त्या भिंतीतून आलेला हा पहिला आवाज. ओइवानं रेडिओ बंद केला, कॉफीचा कप घेऊन भिंतीशी खुर्ची ओढली, आणि सराव संपेपर्यंत ऐकत बसला.

हाउकीलाम्पीला पोचले तर गावाच्या हॉलचे पाइप थंडीनं फुटलेले, आत घोट्याएवढं पाणी आणि त्यावर बर्फाची साय. पाद्री भला माणूस होता. त्यानं चर्च उघडून दिलं.

ओइवाला वाटलं, देव आहे. त्या भागात चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. लग्न असो, संगीत असो, गप्प बसायचं असतं, हे तुओवीलाही ठाऊक होतं. म्हणजे आजची शांतता कुणाच्या अंगाला लागणार नव्हती. व्हॅनमधून उतरताना तुओवी स्वतःच म्हणाली, की चला, आज तरी वाट बघायला नको. तिचा चेहरा सैल झाला होता. नाताळपर्यंत ती थांबली तर वसंतातला दौराही निघेल, ओइवाच्या मनात आलं.

वायरी लावण्याच्या गडबडीत सायमीबाईंना सांगायचं राहिलं. लक्षात आलं तेव्हा बसनं परस्पर आलेल्या त्या मधल्या रांगेत, दोन्ही बाजूंनी माणसं, मांडीवर पर्स ठेवून बसलेल्या. चर्चमध्ये हाक मारता येत नाही. ओइवानं खांबाआडून मान हलवून ‘नको, नको’ केलं. मग प्लास्टरचा हात आडवा हलवला. सायमीबाईंनी त्याच्याकडे बघून गंभीरपणे मान डोलावली आणि हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले.

माउनोची गाणी झाली. त्याचं तोंड किती मिटलं हे त्याच्या दाढीत कळायचं नाही, त्यामुळे बाई थांबून राहिल्या. मग तुओवीनं विहिरीचं गाणं घेतलं. लाकडी भिंतींत तो आवाज असा भरला की मेणबत्त्यांनी माना खाली घातल्या. शेवटचा स्वर छतापाशी जाऊन, फिरून, जमिनीला टेकला. तोंड मिटलं.

फट्‌. फट्‌. फट्‌.

सगळं चर्च दगड झालं. लोक वळूनसुद्धा बघेनात, इतकी ती लाज मोठी होती. सगळ्यांनी आपापल्या बुटांत डोळे खुपसले. सायमीबाई ताठ बसून, नजर समोर, एकसारख्या वाजवत होत्या. दुसरं कुणी सुरू करत नव्हतं, म्हणजे थांबायचं नव्हतं. वरच्या ऑर्गन वाजवणाऱ्याला त्यांची दया आली. काहीतरी झाकावं म्हणून त्यानं घाईनं एक स्तोत्र सुरू केलं. त्यासरशी लोक उठून उभे राहिले. करायला काहीतरी मिळाल्याचा त्यांना एवढा आनंद झाला, की सगळी कडवी म्हटली, कधी नव्हे ती मधलीही. सायमीबाई वाजवतच होत्या. तिसऱ्या कडव्यापासून त्यांचा ठेका स्तोत्राशी जुळायला लागला.

स्तोत्र संपलं. टाळी उरली. ओइवानं अखेर रांग ओलांडली, लोकांच्या पायांवर पाय देत त्यांच्यापर्यंत पोचला आणि डाव्या हातानं त्यांचा हात धरला.

“बास,” तो पुटपुटला. “बास आता.”

सायमीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. “पण तुम्हीच म्हणालात, दुसरे सुरू करेपर्यंत थांबायचं नाही.”

त्या हळूच म्हणाल्या होत्या. पण ते चर्च जुन्या सुतारांनी अशा खुबीनं बांधलेलं, की मधल्या रांगेतला उसासाही वेदीपर्यंत जावा. वाक्य वेदीपर्यंत गेलं. तिथं तुओवी उभी होती.

व्हॅनमध्ये माउनो चालवत होता, शेजारी तुओवी. मागे ओइवा आणि सायमीबाई, मधे स्पीकर. पाद्रीनं दोघा गायकांना हिल्ला नावाच्या रानफळाच्या मुरंब्याची एकेक बरणी दिली होती. तुओवीची तिच्या मांडीवर होती. ती बोलत नव्हती. व्हॅनचं इंजिन एवढा आवाज करतं हे ओइवाला पहिल्यांदाच कळलं.

“कधीपासून?” तिनं समोर बघतच विचारलं.

“डास होता,” ओइवा म्हणाला.

मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर तुओवी माउनोकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“दिसायचं,” माउनो त्याच्या बारीक आवाजात म्हणाला. “वरून सगळं दिसतं.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

ओइवानं स्पीकरवरून पुढे वाकून समजवायचा प्रयत्न केला. “लोक खोटं वाजवत नव्हते, तुओवी. त्यांना वाजवायचंच असायचं. इथं सगळे दुसरे असतात, एवढंच. पहिला कुणी नसतो.”

“मला एक पहिला हवा होता रे,” तुओवी म्हणाली. “एकच. सहा वर्षांत एक.”

मी होतो ना, असं ओइवाच्या ओठांवर आलं. पण ते बाहेर पडेना. कारण त्या क्षणी त्याला आठवून बघितलं तरी तिचं एकही गाणं पुरतं आठवेना. तो कायम तोंडाकडे बघत बसला होता, ते कधी मिटतंय म्हणून. गाणं कधी संपतं हे त्याला सगळ्या काइनूत सगळ्यांत चांगलं कळायचं. मधे काय असतं ते त्यानं ऐकलंच नव्हतं. विहिरीत दुसरा चेहरा कुणाचा होता, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं.

बराच रस्ता गेला. मग मागच्या अंधारातून सायमीबाईंचा आवाज आला.

“सुरू केलं ते यांनी सांगितलं म्हणून,” त्या म्हणाल्या. “चालू ठेवलं ते माझं मी.”

तुओवी वळली. “तिथं तर वेगळंच म्हणालात.”

“चर्चमध्ये आणखी काय म्हणणार?” सायमीबाईंनी पर्स घट्ट धरली. “पाण्यात ती बहीण दिसते ना तिला. बुडालेली. तिथून पुढं मला थांबता येईना.” एवढं बोलल्यावर त्या इतक्या लाल झाल्या की अंधारातही जाणवलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि काचेला म्हणाल्या, “वाईट नव्हतं.”

इमारतीपाशी व्हॅन थांबली तेव्हा तुओवीनं मांडीवरची बरणी उचलून मागे सायमीबाईंच्या हातात दिली. ओइवालाही तिनं काहीतरी द्यायला हात पुढे केला, पण द्यायला काही नव्हतं. तिनं त्याच्या प्लास्टरवर दोनदा टकटक केलं आणि दार लावून घेतलं.

नाताळ झाल्यावर ती गोथेनबर्गला गेली. तिथून एक फोन आला. तिकडचे लोक कशालाही टाळ्या वाजवतात, ती बसमध्ये शिंकली तरी, त्यामुळे त्याला काही अर्थ उरत नाही, असं म्हणत होती. ओइवा “हं” म्हणाला. मग ऐकतोयस ना, असं तिनं विचारलं, आणि त्याला एकदम काही बोलताच आलं नाही. तिला वाटलं फोन कट झाला. माउनो आपल्या मधमाश्यांकडे परत गेला. हिवाळ्यात मधमाश्यांचं काही करायचं नसतं, तेव्हा तो नुसता पेट्यांशेजारी बसायचा म्हणे.

भिंतीपलीकडे आता सराव नव्हता. ओइवा तरी खुर्ची तिथंच ठेवून होता.

प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असा बारीक आणि पांढरा. दवाखान्यातून आला त्याच्या दुसऱ्या सकाळी ओइवा दुकानात जायला निघाला, दाराशी आला, आणि बाहेर किल्ल्या वाजल्या. त्याचा हात कडीवर थबकला. त्यासरशी किल्ल्याही थांबल्या. एका दाराच्या दोन बाजूंना दोन दुसरी माणसं उभी होती, पहिलं कुणी नव्हतं.

मग पावलं खाली गेली.

ओइवा बाल्कनीत आला. या वेळी कठड्यावर चढला नाही. खाली सायमीबाईंनी बर्फगाडी काढली, पिशवी खुर्चीवर ठेवली, एक पाय पट्टीवर घेतला आणि दुसऱ्यानं रेटा दिला. गाडी निघाली. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं, पण भरदिवसा, इमारतीच्या सगळ्या खिडक्या बघत असताना हाक कशी मारतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जे येत होतं ते त्यानं केलं.

फट्‌.

मनगटातून कळ थेट खांद्यात गेली. समोरच्या इमारतीत एक पडदा हलला. अंगणाच्या टोकाशी बर्फगाडी थांबली. सायमीबाई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच, एक पाय पट्टीवर, एक बर्फात, उभ्या राहिल्या.

आणखी दोन पडदे हलले. हात दुखत होता, थंडी मी म्हणत होती, आणि त्यानंच सांगितलेला नियम होता. ओइवा एकटाच बाल्कनीत उभा राहून टाळ्या वाजवत राहिला.